रिॲक्शन फास्ट कशामुळे होते, स्लो कशामुळे होते: घरच्या घरी मोजून बघायची पद्धत

मी घरी दहावीच्या शिकवण्या घेते, आणि दरवर्षी रासायनिक अभिक्रियांचा धडा आला की तोच सीन असतो. पोरांना विचारलं की रिॲक्शनचा दर कशाकशावर अवलंबून असतो तर एका दमात म्हणून दाखवतात, अभिक्रियाकारकांचं (म्हणजे एकमेकांशी भिडणाऱ्या पदार्थांचं) स्वरूप, कणांचा आकार, संहती (द्रावण किती दाट की पातळ), तापमान, उत्प्रेरक (स्वतः न संपता रिॲक्शनचा दर बदलणारा पदार्थ). पाढा म्हटल्यासारखं. मग मी विचारते, लाकडाचा ओंडका पेटवायला नाकी नऊ येतात आणि त्याच लाकडाचा भुसा भस्सकन का पेटतो? की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून गेली काही वर्षं मी पाठांतराच्या आधी हे सगळं किचनमध्ये करून घेते, सामान सगळं मेडिकल आणि किराणा दुकानातलं आहे, दोन संध्याकाळी लागतात. खाली सगळं लिहिलंय, काय चुकतं ते पण लिहिलंय कारण चुकतंच.

आधी एकच नियम, तो पाळला नाही तर बाकी वाचूनही उपयोग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऐकायला सोप्पं आहे पण पोरं हमखास इथेच गंडतात. मागे एका मुलाने गोळी कुटून गरम पाण्यात टाकली, 15 सेकंदात काम फत्ते, आणि जाम खुश, मॅडम फास्ट झाली! अरे पण कुटल्यामुळे झाली का गरम पाण्यामुळे? गप्प. तापमान बदलतोय ना, मग पाणी तेवढंच, ग्लास तोच, गोळी अख्खीच, चमचा फिरवायचा नसेल तर कुणीच फिरवायचा नाही. आणि प्रत्येक वेळ तीनदा घ्यायची, कारण पहिल्या वेळी हमखास कुणीतरी स्टॉपवॉच उशिरा दाबतं.

सामान सांगते. पाण्यात टाकली की फसफसणारी व्हिटॅमिन सी ची गोळी, मेडिकलमध्ये प्लास्टिकच्या नळीत मिळते. पांढरं व्हिनेगर, बाटलीवर ॲसिटिक ॲसिड 4 किंवा 5 टक्के लिहिलेलं असतं ते. हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमा धुवायला वापरतात ते, बाटलीवर 3 टक्के किंवा 6 टक्के लिहिलेलं असेल, कधी 10 व्हॉल्यूम, 20 व्हॉल्यूम असं असतं, 20 व्हॉल्यूम म्हणजेच साधारण 6 टक्के. अंड्याची टरफलं, एक बटाटा, सलाईनची नळी, बाळाची दुधाची जुनी बाटली ज्यावर मिलीचे आकडे आहेत, आणि मोबाईल.

बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरू नका, हात जोडून सांगते. शाळेच्या लॅबमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात ते ठीक, तिथे सर असतात, घरी नको. आणि ते ॲसिड चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन गॅस निघतो, तो जिवावर बेततो. पेरॉक्साइड पण व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही, दोघांचा प्रयोग वेगळा, भांडी वेगळी. डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, चष्मा असेल तर घाला.

तापमानापासून सुरू करा, ते सगळ्यात सोपं. तीन सारखे ग्लास, प्रत्येकात 200 मिली पाणी, एकात फ्रिजचं, एकात माठातलं नको नळाचं साधं, आणि एकात हाताला चांगलं गरम लागेल असं, 50 डिग्रीच्या आसपास (थर्मामीटर नसेल तर निम्मं उकळतं आणि निम्मं साधं नको करू, 60 च्या पुढे जातं, एक भाग उकळतं आणि दोन भाग साधं असं करा). ताप बघायचा थर्मामीटर यात बुडवू नका, तो 42 च्या वर फुटतो किंवा बंद पडतो. आता एकेक गोळी टाका आणि गोळीचा शेवटचा तुकडा दिसेनासा होईपर्यंत वेळ घ्या. आमच्याकडे फ्रिजच्या पाण्यात पावणेतीन-तीन मिनिटं, साध्या पाण्यात सव्वा-दीड मिनिट, गरम पाण्यात अर्ध्या मिनिटाच्या वर थोडं असं येतं. तुमचे आकडे वेगळे येतील, कंपनीप्रमाणे गोळी बदलते, पण क्रम हाच येणार.

या गोळीत खायचा सोडा असतो आणि सायट्रिक ॲसिड असतं, दोन्ही कोरडे शेजारी शेजारी बसलेले असतात, पाणी मिळालं की भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणूनच नळीच्या झाकणात ते ओल शोषणारे खडे असतात, पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की गोळ्या डब्यातच फुगून बसतात, माझी एक अख्खी नळी गेलीय अशी.

इथे हुशार पोरं एक प्रश्न विचारतात. पुस्तकांत लिहिलेलं असतं की तापमान 10 डिग्रीने वाढलं की दर साधारण दुप्पट होतो. मग फ्रिजच्या पाण्यापासून साध्या पाण्यापर्यंत 20 डिग्रीचा फरक आहे, म्हणजे चौपट व्हायला पाहिजे, आपल्याकडे तर जेमतेम दुप्पट झाली? बरोब्बर पकडलंय. पहिलं म्हणजे तो नियम नाही, अंदाज आहे, बऱ्याच रिॲक्शनना लागू पडतो, सगळ्यांना नाही. दुसरं म्हणजे आपण मोजतोय ते निव्वळ रिॲक्शन नाहीच, गोळी आधी विरघळायला लागते, मग रिॲक्शन होते, आणि विरघळायचा वेग तापमानाने तेवढा झपाट्याने वाढत नाही. जो टप्पा हळू तोच सगळ्यांना थांबवतो, टोलनाक्यासारखं, पुढे हायवे कितीही मोकळा असू दे.

आणि दुप्पट का होतो हे पण नीट समजून घ्या कारण यात निम्मे लोक चुकीचं सांगतात. लोक म्हणतात गरम केलं की कण जोरात पळतात, जास्त टकरा होतात, म्हणून रिॲक्शन वाढते. टकरा वाढतात हे खरं पण किती? 27 डिग्रीचं 37 केलं तर कणांचा सरासरी वेग जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. टक्के! तेवढ्याने दुप्पट कसं होईल. खरी गंमत अशी की प्रत्येक टकरीतून रिॲक्शन होत नाही, टक्कर पुरेशी जोरदार असावी लागते, त्यासाठी लागणाऱ्या कमीत कमी ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आणि तेवढी ऊर्जा असलेले कण मुळात अगदी थोडे असतात. तापमान थोडं वाढवलं की सरासरी फार हलत नाही पण ह्या वरच्या मूठभर कणांची संख्या दुप्पट होऊन जाते. वर्गाचं ॲव्हरेज एक मार्काने वाढलं तर 95 च्या वरची मुलं किती वाढतात ते बघा, तसं. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने 1889 मध्ये याचं समीकरण मांडलं, ते अकरावी-बारावीला येईलच.

कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ते पण हेच. वाफ कोंडली की आतलं पाणी 100 ऐवजी 120 डिग्रीच्या आसपास उकळतं, फक्त 20 डिग्री जास्त, पण उघड्या पातेल्यात तासभर लागणारी डाळ दहा-पंधरा मिनिटांत होते. आणि फ्रिजमध्ये दूध टिकतं ते उलट्या दिशेने तेच.

आता कणांचा आकार. हे त्याच गोळीवर करता येतं, एक अख्खी, एक चार तुकडे केलेली, एक खलबत्त्यात कुटलेली, पाणी तिन्हीकडे साधंच. पण माझं मत विचाराल तर हे अंड्याच्या टरफलावर करा, वेळ जास्त लागतो पण शिकायला खूप मिळतं.

टरफलं आतला पापुद्रा काढून गरम पाण्यातून काढा, उन्हात कडकडीत वाळवा. अर्धी हाताने चुरडून मुगाच्या दाण्याएवढे तुकडे करा, अर्धी खलबत्त्यात पिठासारखी कुटा. अंडं घरात चालत नसेल तर पांढरी रांगोळी चालते का बघा, काही रांगोळ्या संगमरवरासारख्या दगडाच्या असतात, काही नसतात, दोन थेंब लिंबू पिळा, फसफसली तर आपल्या कामाची. शहाबादी फरशीचा तुकडा मिळाला तर फारच छान, तो चुनखडीचाच. फक्त खडू घेऊ नका. मी पहिल्या वर्षी खडू घेतलेले, खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं, आणि पाच मुलांसमोर तासभर व्हिनेगरमध्ये खडू बुडवून बसले, एक बुडबुडा येईना. नंतर कळलं की बाजारातले फळ्याचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याच्यातून कार्बन डायऑक्साइड येणार कुठून. पण त्या दिवशी 'अभिक्रियाकारकांचं स्वरूप' हा मुद्दा फुकटात शिकवून झाला.

वजनाचं बघा, किचनचा काटा 1 ग्रॅमला खोटं बोलतो. म्हणून 10 ग्रॅम पूड मोजा आणि कागदावर त्याचे डोळ्याने 10 सारखे ढीग करा, तुकड्यांचं पण तसंच. एक ढीग म्हणजे 1 ग्रॅम, याच्यापेक्षा जास्त अचूकपणा आपल्याला नको.

आता जोडणी. अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली घ्या, झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी घाला आणि भोवती एम-सील लावून रात्रभर सुकू द्या, इथे घाई केली की गॅस गळतो आणि आकडे बोंबलतात. टबमध्ये पाणी भरा, दुधाची बाटली पाण्याने काठोकाठ भरून उलटी करून टबात धरा आणि नळीचं दुसरं टोक तिच्या तोंडात सरकवा. गॅस येईल तसं बाटलीतलं पाणी खाली ढकललं जाईल. बाटली उलटी असल्यामुळे मिलीचे आकडे पण उलटे दिसतील पण ते बाटलीच्या बुडापासूनच मोजलेले असतात आणि गॅस बुडाशीच जमतो, म्हणजे पाण्याची रेघ जिथे येईल तो आकडा सरळ गॅसचा. वजाबाकी करायची गरजच नाही. (ती बाटली परत बाळाला द्यायची नाही, घरातल्यांना सांगून ठेवा.)

प्लास्टिक बाटलीत 100 मिली व्हिनेगर. 1 ग्रॅम पूड टिश्यू पेपरच्या तुकड्यात पुडी करून आत टाका, लगेच झाकण घट्ट आणि स्टॉपवॉच चालू. पुडी यासाठी की झाकण लावायला दोन-चार सेकंद मिळतात, आणि तुकड्यांची पण पुडीच करायची, नाहीतर वर सांगितलेला नियम मोडला. सुरुवातीला जी येते ती बाटलीतली हवा असते, येऊ दे, जेवढा गॅस तयार होतो तेवढीच हवा बाहेर ढकलली जाते त्यामुळे आकडा चुकत नाही. दर 30 सेकंदाला एकाने आकडा ओरडायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. नळी दुमडलेली नाही ना हे सतत बघा, आणि नळीशिवाय नुसतं झाकण लावून बाटली बंद करायचा आगाऊपणा करायचा नाही. माझ्याकडे एकाने केला, झाकण ट्यूबलाइटपर्यंत गेलं आणि किचनला दोन दिवस लोणच्याचा वास.

पूड पहिल्या मिनिटातच भराभर गॅस सोडते, आणि तुकडे आरामात, त्यांच्यासाठी चांगला तास-दीड तास धीर धरावा लागतो. दोन्हींचे आकडे एकाच ग्राफ पेपरवर काढा, आडवा वेळ, उभा गॅस. पूड घातलेल्या बाटलीची रेघ आधी सरळ वर चढते आणि मग वाकून सपाट होते, तुकड्यांची हळूहळू चढते. पण बघा, शेवटी दोन्ही साधारण एकाच उंचीला येऊन थांबतात! हे ज्याला दिसलं त्याला धडा कळला. बारीक केल्याने गॅस जास्त मिळत नाही, लवकर मिळतो. परीक्षेत ह्या फरकावर मार्क जातात. हिशोबाने 1 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून साधारण 240 मिली गॅस यायला हवा, तुमचा त्याहून बराच कमी येईल, कारण टरफल शंभर टक्के शुद्ध नसतं आणि थोडा गॅस व्हिनेगरमध्येच विरघळून बसतो. फटका दोघांना सारखाच बसतो म्हणून तुलना बिघडत नाही.

रेघ का वाकते? ॲसिड आणि टरफल दोन्ही कमी होत चाललेत म्हणून. म्हणजे एकाच बाटलीत, आपण काही न बदलता, दर आपोआप कमी होत जातो. म्हणून 'दर किती' असं नुसतं विचारण्यात अर्थ नसतो, कितव्या मिनिटाला ते विचारायचं.

आणि बारीक केल्याने काय होतं ते आकड्यात हवं असेल तर 1 सेंटीमीटरचा एक ठोकळा धरा, त्याची सहा बाजूंची जागा 6 चौरस सेंटीमीटर. त्याचे 1 मिलिमीटरचे बारके ठोकळे केले तर 1000 होतात आणि सगळ्यांची मिळून जागा 60 चौरस सेंटीमीटर. माल तेवढाच पण ॲसिडला भिडायला जागा दहापट. आतला कण कितीही तयार असला तरी पुढच्याचा नंबर लागल्याशिवाय त्याला ॲसिड दिसत नाही. पिठाच्या आणि साखरेच्या कारखान्यात हवेत उडालेल्या भुकटीचे स्फोट होतात ते ह्याच कारणाने, पोत्यातलं पीठ पेटवून दाखवा बरं, नुसतं करपेल.

संहतीसाठी हीच जोडणी. एकदा 100 मिली व्हिनेगर, एकदा 50 मिली व्हिनेगर अधिक 50 मिली पाणी. एकूण 100 च ठेवायचं, नाहीतर परत दोन गोष्टी बदलल्या. पूडच वापरा. पातळ केलेल्यात रेघ कमी चढी येते. इथे एक सांगते, निम्मं पाणी घातलं म्हणून वेग बरोब्बर निम्मा होईलच असं नाही, व्हिनेगर दुबळं ॲसिड आहे, पातळ केलं की त्याचे रेणू उलट जास्त प्रमाणात फुटतात त्यामुळे ताकद निम्म्याहून थोडी कमी घटते. मुलांचे आकडे निम्मे आले नाहीत की ती खोडरबर काढतात आणि 'बरोबर' आकडे लिहितात. खोडू देऊ नका.

उत्प्रेरक हा माझा आवडता. पुस्तकात पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड असतं, ते घरी करायचं काम नाही. आपण बटाटा घेऊ. तीन उंच ग्लास, प्रत्येकात 30 मिली पेरॉक्साइड आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात एक चमचा किसलेला कच्चा बटाटा. तिसऱ्यात एक चमचा उकडलेला बटाटा, थंड करून कुस्करलेला. दुसऱ्या ग्लासात फेस चढायला लागतो, पट्टी लावून उंची मोजा. पहिला आणि तिसरा ढिम्म. कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम (म्हणजे सजीवांच्या शरीरातला उत्प्रेरक) असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, उकडल्यावर एन्झाइमचा आकारच बिघडतो आणि ते निकामी होतं. म्हणजे तापमान वाढवलं की रिॲक्शन वाढते हा नियम इथे एका हद्दीनंतर उलटा फिरतो.

पण एवढ्यावर थांबू नका, नाहीतर बटाटा उत्प्रेरक आहे की नुसताच रिॲक्शनमध्ये भाग घेतोय हे सिद्ध होत नाही. फेस पूर्ण बसला की त्याच ग्लासात परत 30 मिली पेरॉक्साइड घाला, बटाटा नवीन नाही. परत फेस! बटाटा संपला नव्हता, पेरॉक्साइड संपलं होतं. आता फेस पुन्हा बसला की उलट करा, पेरॉक्साइड नको, नुसता नवीन बटाटा घाला. काही होत नाही. ह्या दोन चमच्यांत व्याख्या पाठ होते, स्वतः खर्च न होता दर बदलणारा पदार्थ.

उत्प्रेरक ऊर्जा देत नाही, हे पण लिहून ठेवा, पोरं हमखास लिहितात की देतो. तो दुसरा रस्ता काढून देतो. खंबाटकीचा घाट चढायच्या ऐवजी बोगद्यातून जायचं, गाडीचं इंजिन तेच, गाव तेच, चढ कमी. तिथे बोगदा आहे म्हणून जास्त गाड्या पार होतात.

फेस आलाच नाही तर बटाट्याला शिव्या घालण्याआधी बाटलीची तारीख बघा. पेरॉक्साइड उजेडात आपोआप फुटत राहतं, म्हणून त्याची बाटली गडद किंवा आरपार न दिसणारी असते. गेल्या वर्षीची उघडलेली बाटली म्हणजे जवळपास पाणीच.

राहिलं अभिक्रियाकारकांचं स्वरूप, त्याला वेगळा प्रयोग लागत नाही. किचनच्या ओट्यावर लिंबू पिळलेलं राहिलं की कडप्प्याच्या ओट्यावर पांढुरका डाग पडतो आणि ग्रॅनाइटवर काही होत नाही, ॲसिड तेच, वेळ तोच, पण कडप्पा म्हणजे चुनखडीच. डाग घासून जात नाही कारण तो डाग नसून खाल्लेला दगड आहे. ओटा स्वतःचा असेल तर प्रयोग करू नका, आईचा असेल तर मुळीच नको.

दाबाचं दहावीला फारसं विचारत नाहीत पण गॅस-गॅस मध्ये रिॲक्शन असेल तर दाब वाढवणं म्हणजे कण दाटीने कोंबणं, संहतीच वाढवणं. आपल्या अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे, तिथे अमोनिया बनतो, ह्या प्रक्रियेत नायट्रोजन आणि हायड्रोजन शेकडो पट वातावरणाच्या दाबाने, 400-500 डिग्रीला, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून सोडतात. तीन घटक एकाच भट्टीत. त्यांना एका वेळी एकच बदलायचा नियम नाही, त्यांना शिकायचं नाहीये, खत विकायचंय.

आवरताना, बटाट्याचा ग्लास पाणी घालून सिंकमध्ये ओतला तरी चालतो. उरलेली टरफलं मात्र साध्या पाण्याने दोनदा धुवून मगच कढीपत्त्याच्या कुंडीत टाका, व्हिनेगरसकट टाकली तर झाड मरतं, आणि ते माझं मेलंय.